माळ्यावर सापडलेलं शंटिंग इंजिन: एस-१, एस-२, एस-३ की एस-४?

कसबापेठी (धागाकर्ता), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आमचा कसबा पेठेतला वाडा पाडायला जाणार आहे, म्हणून गेल्या आठवड्यात माळा रिकामा केला. थोरल्या काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळलेलं, रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं एक छोटं मॉडेल मिळालं. काका पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्याकडे असं काही होतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आत्या म्हणते, त्यांचा एक मित्र अमेरिकेला गेला होता, त्याने आणून दिलं असावं.

काळा रंग, बराच उडालेला. एका टोकाला कॅब (चालकाची खोली), पुढे लांब हूड (इंजिनावरची पेटी), खाली दोन बोग्या (चाकांचे सांगाडे), प्रत्येकीला दोन धुरा. नाव-नंबर पुसलेले. पोटाखाली कंपनीचं नाव असावं अशी जागा आहे, पण ती घासून गुळगुळीत झालीय. दोन संध्याकाळी नेटवर घालवून 'अल्को' या अमेरिकी इंजिन कंपनीची 'एस मालिका' इथपर्यंत पोचलो आणि अडकलो. एस-१, एस-२, एस-३, एस-४, चारही फोटोंत मला एकच इंजिन दिसतं.

नव्या घरात काचेच्या पेटीत ठेवायचंय आणि खाली पितळी पट्टीवर नाव कोरून घ्यायचंय. चुकीचं नाव कोरायचं नाही, म्हणून हा खटाटोप. चार फोटो जोडले आहेत: दोन्ही बाजू, छत, आणि समोरून.

---

सांधेवाला

स्वागत. काकांची वस्तू नीट गुंडाळून राहिली हे फार बरं झालं. अशी इंजिनं बहुतेक वेळा लहान मुलांच्या हातात जाऊन संपतात.

आधी दोन गोष्टी करा. व्हर्नियर असेल तर एका कपलरच्या (डबे जोडायच्या आकड्याच्या) तोंडापासून दुसऱ्या कपलरच्या तोंडापर्यंत लांबी मोजा. आणि चाकांचं अंतर म्हणजे गेज किती मिमी आहे तेही. मग बोलू.

---

रूळवेडा

सोपं आहे. फोटो २ मध्ये बोगी बघा, दोन अ‍ॅक्सलबॉक्सच्या मधे खाली झुकलेली दांडी आणि तिच्यावर कॉइल स्प्रिंगा. ही एएआर टाइप ए बोगी. म्हणजे एस-४. पट्टी कोरायला टाका.

---

कसबापेठी

सांधेवाला, काकांचाच व्हर्नियर ट्रंकेत होता. लांबी १६० मिमीच्या जरा आत-बाहेर. गेज १६.५ मिमी.

रूळवेडा, धन्यवाद! पण एस-३ ची बोगीसुद्धा तीच ना?

---

सांधेवाला

प्रश्न अगदी बरोबर विचारलात. रूळवेडा, घाई नको, इथे नेमकं बोगीवरूनच माणूस फसतो. जरा सविस्तर लिहितो.

१६.५ मिमी गेज म्हणजे एचओ किंवा ओओ, मॉडेल रेल्वेची दोन प्रमाणं. अल्को एस-२ ची खरी लांबी ४५ फूट ६ इंचांच्या किंचित आत, म्हणजे १३.८६ मीटर. एचओच्या १:८७ ला ती १५९ मिमी येते, ओओच्या १:७६ ला १८२ च्या आसपास. तुमचं माप १६०, म्हणून एचओ. यापुढे लांबीचा आधार घेऊ नका. कारण ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचं एनडब्ल्यू-२ हे ४४ फूट ५ इंच, एचओत १५५ मिमी. फरक फक्त चार मिमीचा, आणि तुमच्या फोटोतले कपलर जुने हॉर्न-हुक जातीचे प्लॅस्टिकचे आहेत. ते खऱ्यापेक्षा बाहेर आलेले असतात. चार मिमी त्यातच गडप होतात.

अल्को की ईएमडी, हे रेडिएटरवरून ठरवायचं. एनडब्ल्यू-२ आणि त्याच्या एसडब्ल्यू भावंडांत हवा आत जाते ती हुडाच्या तोंडावरच्या जाळीतून. अल्कोच्या एस मालिकेत हुडाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना शटर, उभ्या खिडकीच्या झडपांसारखं. तुमच्या फोटो १ आणि २ मध्ये ते स्वच्छ दिसतंय. अल्को पक्कं.

आता चौघांतला निवाडा. चार नावं आहेत, पण हुडं दोनच. एस-१ आणि एस-३ ही ६६० अश्वशक्तीची, एस-२ आणि एस-४ ही १,००० ची. दोन्हींच्या आतलं डिझेल इंजिन एकच, अल्कोचं ५३९, सहा सिलिंडर एका ओळीत. फरक टर्बोचार्जरचा. ६६० ला तो नाही, १,००० ला आहे. टर्बो आला की एक्झॉस्टचं तोंड मोठं होतं, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, म्हणून रेडिएटरही मोठा. बाहेरून जे दिसतं ते सगळं यातूनच आलंय:

धुराडं. एस-१ आणि एस-३ चं बारीक, बुडाशी गोल. एस-२ आणि एस-४ चं जाड, आणि बुडाशी लांबट.

बाजूचं शटर. एस-१ आणि एस-३ ला रुंदीपेक्षा उंची जास्त. एस-२ आणि एस-४ ला आडवं पसरलेलं.

हे दोन्ही हुडाला जोडलेले असतात, सहसा बदलत नाहीत. म्हणून आधी छत बघायचं, बोग्या सगळ्यांत शेवटी. फोटो ३ जवळून पुन्हा काढाल का? धुराड्याचं बूड दिसेल असा.

---

स्वाती_औंध

वाचतेय. मीही एचओमध्येच आहे, घरी पलंगाखाली सरकणारा लेआउट (मांडलेली छोटी रेल्वे) आहे. सांधेवाला काका, हे 'चार नावं, हुडं दोनच' मला आजपर्यंत कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

कसबापेठी

काढला. (फोटो ५) धुराड्याचं बूड गोल नाही, लांबट आहे, दोन्ही टोकं गोलाकार. शटर मोजलं: रुंदी उंचीपेक्षा स्पष्ट जास्त. म्हणजे एस-२ किंवा एस-४?

---

सांधेवाला

हो. अर्धं काम झालं.

आता बोगी. एस-१ आणि एस-२ ही १९४० ते १९५० या काळातली, त्यांच्याखाली ब्लंट बोगी. अल्कोच्याच एका इंजिनिअरच्या नावावरून ती ओळखली जाते. एस-४ १९४९ मध्ये आणि एस-३ १९५० मध्ये आलं, त्यांच्याखाली एएआर टाइप ए. एएआर ही तिकडच्या रेल्वे कंपन्यांची संघटना, आणि ही बोगी इतकी सर्रास वापरात की ईएमडीच्या शंटिंग इंजिनांखालीही तीच सापडते. तिची खूण रूळवेडा यांनी बरोबर सांगितली: खाली झुकलेली इक्वलायझर दांडी आणि तिच्यावर उभ्या कॉइल स्प्रिंगा. तशी दांडी दिसली तर एएआर.

त्यामुळे फोटो २ वरून एस-४. पण फोटो १ मला नीट दिसत नाहीय, पुढची बोगी सावलीत आहे.

---

स्वाती_औंध

मी फोटो १ मोठा करून पाहिला. काका, पुढच्या बोगीला ती दांडी नाहीये. मागचीला आहे. एकाच इंजिनाखाली दोन वेगळ्या बोग्या आहेत!

---

रूळवेडा

अरे हो. मी फक्त फोटो २ मधली मागची पाहून मोकळा झालो. स्वाती, नजर छान आहे तुमची. माझं वरचं उत्तर मागे घेतो.

---

घोरपडीकर

मंडळी, मी डिझेल शेडमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. अमेरिकेची इंजिनं मी फोटोतच पाहिली, पण अल्को म्हटलं की गप्प बसवत नाही. आमचं सगळं आयुष्य अल्को २५१ या डिझेल इंजिनाच्या आवाजात गेलं.

बोगी ही बदलायचीच वस्तू आहे. इंजिन उचलायचं, जुनी बोगी ढकलून काढायची, ओव्हरहॉल झालेली खाली सरकवायची आणि इंजिन वरून सोडायचं. म्हणून शेडमधला माणूस बोगीवरून क्लास सांगत नाही. आपल्या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनांचंच उदाहरण घ्या. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीएम-३ए खाली ट्रायमाउंट बोगी, तिच्या तीन धुरांमधली अंतरं सारखी नसतात, बाजूला उभं राहून पाहिलं की लगेच डोळ्यात येतं. मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-३ए खाली हाय अ‍ॅडहेजन बोगी, मोठ्या कॉइल स्प्रिंगा बाहेरून दिसतात. नवशिका पोरगा एवढंच पाठ करतो आणि मग समोर डब्ल्यूडीएम-३डी आलं की त्याला मालगाडीचं इंजिन म्हणून मोकळा होतो. कारण ३डी खालीही तसलीच बोगी. डब्ल्यूडीएम-३ए आणि डब्ल्यूडीजी-३ए दोन्ही ३,१०० अश्वशक्ती, ३डी ३,३००. आधी अंग बघायचं, मग पाय.

अमेरिकेतही एस-२ खाली पुढे एएआर बोग्या घातल्याची उदाहरणं आहेत. दोन्ही प्रकारच्या बोग्यांचा व्हीलबेस (दोन धुरांमधलं अंतर) ८ फूट, मग अडचण कसली! पण एक बोगी ही आणि एक ती, असं मात्र मी आमच्या शेडमध्ये कधी पाहिलं नाही.

---

नवा_गडी

घोरपडीकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एक विचारू? मी अकरावीत आहे. मला दौंड यार्डात पाहिलेलं डब्ल्यूडीएस-६ बनवायचंय. अल्कोचंच शंटिंग इंजिन आहे ना, मग असं एस-४ विकत घेऊन त्याला आपला रंग दिला तर?

---

घोरपडीकर

बाळा, विचार चांगला आहे, पण जमणार नाही. खाली वाकून धुरा मोज. एस-४ ला चार, डब्ल्यूडीएस-६ ला सहा, म्हणजे तीन-तीनच्या दोन बोग्या. आतलं इंजिनही वेगळ्या पिढीचं. त्याच्यात २५१ चा सहा सिलिंडरवाला अवतार आहे, १,३५० अश्वशक्तीचा. आणि ५३९ हे २५१ च्या आधीचं. अल्कोने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं, पण वाराणसीला त्यानंतरही कितीतरी वर्षं २५१ बनत राहिलं. त्यामुळे त्या कारखान्याचा वारसा अमेरिकेपेक्षा आपल्याकडेच जास्त टिकला असं मला मनापासून वाटतं.

तुला डब्ल्यूडीएस-६ करायचंच असेल तर खालचा सांगाडा सहा धुरांच्या एखाद्या अल्को इंजिनाचा घे आणि हूड-कॅब पत्र्यातून किंवा प्लॅस्टिक शीटमधून स्वतः काप. सरळ पेट्याच आहेत, अवघड नाही.

आणि डब्ल्यूडीएस-४ दिसलं तर त्याच्यात आणि ६ मध्ये गोंधळू नकोस. ४ हे चित्तरंजनचं, डिझेल-हायड्रॉलिक, तीनच धुरा, आणि चाकांना वाफेच्या इंजिनासारखी जोडदांडी. ती दांडी फिरताना दिसली की बाकी काही बघायची गरज नाही.

---

सांधेवाला

नवा_गडी, एक भर. एचओचा रूळ १६.५ मिमीचा असतो तो १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १,६७६. त्याला ८७ ने भाग, १९.३ मिमी येतात. म्हणजे १६.५ च्या रुळावर आपलं कुठलंही इंजिन ठेवलं तर चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. आपल्याकडे बहुतेक जण ते चालवून घेतात, मीही घेतो, कारण तयार रूळ आणि सांधे त्याच मापात मिळतात. पण समोरून फोटो काढताना जाणवतं. कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम पाहिलं नसशील तर एकदा जाऊन ये. १९९८ पासून चालू आहे. सिग्नल, सांधे, गाड्यांचा क्रम हे सगळं एकत्र कसं बांधायचं ते तिथे दिसतं.

---

रूळवेडा

विषय निघालाच आहे तर माझंही विचारून घेतो. जुन्या बाजारात बिनखोक्याचं एक ईएमडी मिळालं. विकणारा एसडब्ल्यू-१५०० म्हणाला, मला एमपी-१५ वाटतंय. कसं ठरवू?

---

सांधेवाला

पट्टीने. इथे मात्र लांबी कामाला येते. एसडब्ल्यू-१५०० चं ४४ फूट ८ इंच, एमपी-१५डीसी बरोबर तीन फूट जास्त, ४७ फूट ८ इंच. एचओत तीन फूट म्हणजे साडेदहा मिमी, कपलरच्या चुकीत हरवण्याइतका फरक नाही. आणि ती तीन फूट उगाच वाढलेली नाहीत: मोठ्या इंजिनांची ब्लॉमबर्ग बोगी खाली बसवायची होती, जुन्या चौकटीत ती मावत नव्हती. समोर रेडिएटरची जाळीच नसेल आणि हवा बाजूने आत जात असेल तर एमपी-१५एसी.

---

रूळवेडा

मोजलं. ४७ फूट ८ ला जुळतंय, समोर जाळी आहे. एमपी-१५डीसी! धन्यवाद.

---

स्वाती_औंध

मूळ इंजिनाकडे येऊ या का? कसबापेठी दादा, मागच्या बोगीचा अगदी जवळून, उजेड तिरपा पाडून फोटो काढाल? टॉर्च एका बाजूने धरा. मला त्या स्प्रिंगांत काहीतरी वेगळं वाटतंय. चारही स्प्रिंगांचे वेढे सारखे नाहीत. साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकमध्ये असं होत नाही.

---

कसबापेठी, मंगळवार

तीन दिवस वाडा रिकामा करण्यात गेले, उशिराबद्दल माफ करा. फोटो ६, ७, ८ जोडतोय.

स्वातीताई, तुम्ही म्हणालात तसा टॉर्च तिरपा धरला आणि हातातलं भिंग खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. मागच्या बोगीच्या दोन्ही साइडफ्रेम (बाजूच्या चौकटी) प्लॅस्टिकच्या नाहीत. रंग जिथे उडालाय तिथे खाली पिवळं दिसतंय. पितळ आहे. कडांवर कानशीच्या बारीक समांतर रेघा आहेत. स्प्रिंगा म्हणजे पितळी तार खिळ्यावर गुंडाळून, कापून, डाख देऊन बसवलेल्या. एकीला पाच वेढे, बाकीच्यांना सहा.

मग ट्रंक पुन्हा उपसली. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याच्याखाली एका परदेशी मासिकाचं फाडलेलं पान. त्यावर एका शंटिंग इंजिनाचा बाजूने काढलेला फोटो, खाली इंग्रजीत 'अल्को एस-४'. बोगीभोवती पेन्सिलने चौकट, आणि समासात काकांच्या अक्षरात मापं: २८, ११, ४.५, १.२. शेजारी छोटं स्केच.

बहुतेक असं झालं असावं: मूळ मागच्या बोगीची साइडफ्रेम तुटली, आणि काकांनी ती पितळेत कानशीने घडवली. समोर नमुना म्हणून जो फोटो मिळाला तो एस-४ चा होता.

---

घोरपडीकर

हे वाचून डोळे भरून आले हो. २८ मिमी म्हणजे व्हीलबेस. ८ फूट म्हणजे २,४३८ मिमी, भागिले ८७, अठ्ठावीस. तुमच्या काकांनी तोंडी गणित केलेलं नाही, प्रमाण नीट काढलंय. टूलरूमचा माणूस.

---

सांधेवाला

म्हणजे उत्तर मिळालं. पुढची बोगी कारखान्यातून आलेली, ती ब्लंट. हूड १,००० अश्वशक्तीचं. तुमचं मॉडेल मुळात एस-२. मागचा एएआरचा देखावा काकांचा.

पुढची बोगी मूळची आहे हे एकदा खालून खात्री करून घ्या: स्क्रू, तारेचा रंग, प्लॅस्टिकचा पोत हुडाशी जुळतो का.

---

कसबापेठी

जुळतो. पुढचा स्क्रू बारीक आणि काळा, मागचा पितळी, मोठ्या डोक्याचा. पुढे जुनी मऊ काळी तार, मागे लाल, आपल्याकडे मिळते तसली.

---

रूळवेडा

आता पुढे काय? एचओत एस-२ अनेक कंपन्यांनी काढलंय, अ‍ॅटलासचं तर सहज सापडतं. ब्लंट बोगीच्या साइडफ्रेम सुट्या मिळवून मागे बसवता येतील. मग इंजिन शंभर टक्के खरं होईल. काकांच्या पितळी साइडफ्रेम शेजारी वेगळ्या ठेवा.

---

स्वाती_औंध

रूळवेडा, मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. आपण सगळे इथे 'खरं' म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्या तरी यार्डात १९४८ साली उभ्या असलेल्या इंजिनाशी जुळणारं, असं धरून चाललोय. माझ्या लेआउटवर मीही तेच करते, चुकीच्या रेल्वे कंपनीचा रंग दिलेलं इंजिन मला नको असतं. पण हे लेआउटसाठी घेतलेलं इंजिन नाही. ते चालावं म्हणून एका माणसाने कसबा पेठेत बसून पितळ घासलंय. त्या साइडफ्रेम सुट्या झाल्या तर पेटीत नुसते दोन पितळी तुकडे उरतील, कोणाला कळणारही नाही ते कशासाठी होते.

---

घोरपडीकर

स्वातीशी सहमत. आमच्या शेडमध्ये सुटा भाग आला नाही की वर्कशॉपमध्ये घडवायचो, आणि इंजिन लाइनवर जायचं. त्याला कोणी खोटं म्हटलं नाही.

---

रूळवेडा

तुमचं म्हणणं समजलं. मी विकत घेतलेल्या वस्तूच्या नजरेने बघत होतो. तशीच राहू द्या.

---

सांधेवाला

माझंही मत तेच. फक्त पट्टीवर नुसतं 'एस-४' किंवा नुसतं 'एस-२' नको. पुढे कोणी जाणकार पेटीसमोर उभा राहिला तर त्याला दोन बोग्या बघून प्रश्न पडायला हवा आणि उत्तरही तिथेच मिळायला हवं.

आता चालतं का ते बघायचं? मोटर जुनी असली तरी या जातीची इंजिनं १२ व्होल्ट डीसीवर चालतात. लगेच वीज देऊ नका. जुनं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं, मोटर जोर लावते आणि तापते. आधी हाताने गिअर फिरतात का बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून चाकांची पाठ आणि पितळी संपर्कपट्ट्या पुसा, काळं येणं थांबेपर्यंत. गिअरचं जुनं ग्रीस काडीने खरवडून काढा, सुईच्या टोकाने एकेक थेंब हलकं तेल, जास्त नाही. मोबाइलचा चार्जर लावायचा प्रयोग करू नका. तपकीर गल्लीत व्होल्टेज कमीजास्त करता येणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो. नाहीतर रविवारी सहकारनगरला माझ्याकडेच या, रूळ मांडलेलाच आहे.

---

नवा_गडी

सांधेवाला काका, मी पण येऊ का?

---

सांधेवाला

ये की. येताना डब्ल्यूडीएस-६ चं जे काही रेखाटलं असशील ते घेऊन ये.

---

कसबापेठी, रविवार रात्री

आज सांधेवाला काकांकडे जाऊन आलो. आत्यालाही घेऊन गेलो होतो.

सफाईत दीड तास गेला. मोटर पाच व्होल्टला नुसती गुणगुणली, आठला गचका घेतला आणि निघाली. पहिल्या फेरीत सांध्यावर मागची बोगी उडाली. घोरपडीकर काकांना फोन लावला, त्यांनी फोनवरच विचारलं, 'चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर मोजलंत का?' मोजलं. पुढच्या बोगीचं साधारण साडेचौदा मिमी, मागच्या एका धुरेचं चौदाच्याही आत. चाक धुरेवर सरकलं होतं. सांधेवाला काकांनी ते अलगद फिरवत बाहेर आणलं, आणि मग एकदाही उडालं नाही. तीन मालडबे लावून अर्धा तास चाललं. काकांच्या पितळेमुळे मागची बाजू जड झालीय, म्हणून चढावर मागची चाकं घसरत नाहीत, पुढची घसरतात. हे सांधेवाला काकांनी दाखवलं तेव्हा कळलं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. निघताना म्हणाली, हा आवाज तिने ऐकलेला आहे. लहानपणी रात्री माळ्यावरून असा घूं घूं आवाज यायचा आणि आजी म्हणायची की उंदीर आहेत.

पट्टीचा मजकूर असा ठरवलाय, काही चूक असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, परवा कोरायला देतोय:

'अल्को एस-२, १,००० अश्वशक्ती, एचओ १:८७. मागच्या बोगीच्या साइडफ्रेम पितळेत हाताने घडवलेल्या, एस-४ च्या फोटोवरून, कसबा पेठ, पुणे.' आणि खाली काकांचं नाव.

---

सांधेवाला

मजकूर बरोबर आहे. 'एएआर टाइप ए नमुना' एवढं जमलं तर घाला, जागा असेल तर.

---

स्वाती_औंध

काही चूक नाही. पाच वेढ्यांची स्प्रिंग पेटीत समोरच्या बाजूला येईल असं ठेवा.

---

कसबापेठी

दोन्ही करतो. मासिकाचं पानही फ्रेम करून मागे लावतोय.